बारदान वजा

आमच्या घरात तीन पिढ्यांचा तराजू आहे. महाडच्या बाजारात आमचं धान्याचं दुकान, चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत दोन गल्ल्या सोडून. खाली दुकान, वर घर. चाळीस वर्षं मी गल्ल्यावर बसतोय आणि गिऱ्हाइकाला ग्रॅमभर कमी दिलं असं कुणी म्हणून दाखवावं. या गोष्टीची मला मस्ती होती, सरळ सांगतो. आणि त्याच मस्तीपायी मी माझ्या नातीला, चौदा दिवसांच्या जिवाला, अर्धपोटी ठेवलं. मी एकट्यानेच. घरातल्या बायका मला सांगत होत्या, पण मी ऐकणाऱ्यातला असतो तर ना!

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी आली होती. जावई पनवेलला नोकरीला. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला तीन आठवडे होते, त्यामुळे आम्ही निवांत. मी दुकानात साखरेचं पोतं उतरवून घेत होतो आणि बायको जिन्यावरून ओरडली, "अहो, ते पोतं ठेवा खाली आणि रिक्षा बोलवा आधी!" मी हमालाला म्हटलं, जरा धर रे, आणि तसाच पायात चपला नसताना रस्त्यावर धावलो. संध्याकाळी दवाखान्यात नर्सने एक गाठोडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मुलगी आहे, आजोबा. दोन किलो दोनशे साठ."

आता दोन किलो दोनशे साठ म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. दोन किलो तूरडाळ आणि वर पाव किलो शेंगदाणे. दिवसातून वीस वेळा एवढं वजन मी उचलतो. पण डाळ जांभई देत नाही हो! या बाईसाहेबांनी माझ्या हातात आल्या आल्या अशी जांभई दिली, की नऊ महिने कुठे रोजगार हमीवर खडी फोडत होत्या की काय! एवढंसं तोंड आणि त्यात केवढी ती जांभई. मग एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं, पसंत पडलो नाही बहुधा, आणि मिटून घेतला. टाळूवरची कातडी आतल्या ठोक्याबरोबर वरखाली होत होती. मी ते बघतच राहिलो. असं काही असतं हे मला साठाव्या वर्षी कळलं.

कारण माझी स्वतःची लेक मी अशी पाहिलीच नव्हती. तेव्हा बायको तिच्या माहेरी होती, पोलादपूरच्या वरच्या अंगाला. मी गेलो तो थेट बारशाला. पाळण्यात डोकावलो, काहीतरी लाल-लाल दिसलं, घुगऱ्या खाल्ल्या आणि चारच्या एसटीने परत. दुकान बंद ठेवून कसं चालेल! आता वाटतं, आग लागो त्या दुकानाला. पण तेव्हा वाटलं नाही, हे खरं.

चौथ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी वजन केलं. दोन किलो एकशे दहा. माझा चेहरा पडलेला बघून त्या म्हणाल्या, "सुरुवातीला थोडं उतरतंच, घाबरू नका. पण ही लवकर आलीय, अंगात ताकद कमी. अंगावर पाजत राहा आणि आठ दिवसांनी दाखवायला आणा. तोपर्यंत वजन चढायला लागलं पाहिजे. नाही चढलं तर परत दाखल करावं लागेल." लेकीने माझ्याकडे बघितलं. परत दाखल हा शब्द तिने गिळलेला मला दिसला. मी म्हटलं, "आठ दिवस कशाला थांबायचं? आपल्या घरी काटा काय कमी आहे?"

आमच्याकडे दवाखान्यातून आलेल्या लेकराला आधी सुपात घालतात. खाली मूठभर तांदूळ, त्यावर जुन्या लुगड्याची लहानशी गोधडी आणि त्यावर बाळ. सुपात कसं फोल उडतं आणि दाणा राहतो, तसं लेकरू राहावं म्हणून. बायकोने वैशाखातच नवं सूप आणून, शेणामेथीने सारवून, गच्चीवर खडखडीत वाळवून, प्लास्टिकात गुंडाळून ठेवलं होतं. वाजवलं तर पापडासारखं वाजे. त्या सुपात ही बया पडली, हातपाय ताणले, आणि आजीने नाकाला बोट लावताच फुरफुरली. सगळी खोली हसली. मी दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा वर आणला.

"अहो, लेकराला कुणी तोलतं का? नजर लागते," बायको म्हणाली.

"डॉक्टरीण तोलते ती चालते?"

"ती डॉक्टर आहे. तुम्ही दुकानदार आहात."

"वजनातलं तिच्यापेक्षा मला जास्त कळतं," मी म्हटलं. हातच्या काकणाला आरसा कशाला!

वजन करायची आमची रीत साधी असते. पोतं मालासकट काट्यावर ठेवायचं, आणि रिकाम्या पोत्याचं जे वजन, ज्याला आम्ही बारदान म्हणतो, ते त्यातून वजा करायचं. प्रत्येक पोतं रिकामं करून कोण तोलत बसतो? बारदानाचा आकडा ठरलेला असतो. तसंच मी केलं. रिकामं सूप, तांदळाचे दाणे काढून, गोधडीसकट तोललं. सहाशे नव्वद ग्रॅम. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर वर लिहिलं, 'बारदान ६९०'. मग नात आत घातली. दोन किलो आठशे. वजा बारदान, बरोब्बर दोन किलो एकशे दहा. दवाखान्याचा काटा आणि माझा काटा, तसूभर फरक नाही. मी बायकोकडे असं बघितलं, की तिने तोंड वळवलं.

त्या दिवसापासून रोज सकाळी बाळाची अंघोळ झाली, दूध पिऊन झालं, की दुकानाचं शटर उघडायच्या आधी वजन. अंघोळ घालायला एक मावशी येत. वरच्या डोंगरवाडीतल्या, तळीयेच्या बाजूच्या. तिकडे दरड कोसळली त्या पावसाळ्यानंतर लेकाबरोबर खाली महाडला राहायला आल्या. त्याबद्दल त्या बोलत नाहीत, आम्ही विचारत नाही. मावशी पाटावर पाय पसरून बसत आणि पायांवर नातीला पालथी घालत. त्यांचे हात म्हणजे भाकरी थापून थापून रुंद झालेले, पण त्या पाठीवरून असे फिरत की पाणीसुद्धा ओरखडा काढील, ते हात काढणार नाहीत. नातीच्या पाठीवर बारीक सोनेरी लव होती. खांद्यावर लव, कानाच्या पाळीवर लव. पायाची नखं इतकी लहान, की ती घडवणाऱ्याला दृष्टी तरी केवढी असेल! मी दारात उभा राहून बघायचो. आमची आई असती तर हाकलून दिलं असतं, बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम म्हणून. अंघोळीनंतर ओव्याची धुरी, मग कपाळाला काजळाचा टिळा, तोही वाकडा, आणि मग सूप काट्यावर.

दोन हजार एकशे पंधरा. एकशे पंचवीस. एकशे तीस. एकशे चाळीस.

रोजचे पाच-दहा ग्रॅम! दहा ग्रॅम म्हणजे आठ बदाम, दोन सुपाऱ्या. पण काय सांगू, कधी दहा पोत्यांची ऑर्डर आल्यावर झाला नसेल तेवढा आनंद मला त्या दहा ग्रॅमचा व्हायचा. कुणीतरी रोज येऊन या देहात दोन सुपाऱ्यांचा माल भरून जात होतं. कुठून येत होता? लेक भात-वरण, मेथीचे लाडू खाई, त्याचं दूध होई, आणि त्या दुधाचं हिच्या अंगात नख होई, पापणी होई. जगातला एवढा मोठा व्यवहार आपल्या घरात चाललाय आणि मी आजवर साबुदाण्याचे भाव बघत बसलो होतो! आकडा वाचताना माझा आवाज चढायचा. जावयाला व्हिडिओ कॉल लावून ओरडून सांगायचो. पुठ्ठा भिंतीला टाचला होता.

फक्त लेक हसायची नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी म्हणाली, "बाबा, ही दोन घोट घेते आणि झोपते. चोखता चोखता दमते हो."

"झोपाळू आहे. आईवर गेलीय."

"आणि हाताला हलकी लागते."

"हाताला!" मी म्हटलं. "हाताला काय कळतं? गिऱ्हाईक पण पिशवी हातात धरून म्हणतं, शेट, कमी भरली वाटतं. काट्यावर ठेवली की गप्प. काटा खोटं बोलत नाही." हे मी ज्या आवाजात गिऱ्हाइकाला सांगतो त्याच आवाजात सांगितलं. ती गप्प बसली. गिऱ्हाईकही असंच गप्प बसतं. त्यात नवल नाही.

मावशीही एकदा बाळाला पुसता पुसता म्हणाल्या, "पोर अजून अंगावर धरत नाय गो. मांडी बघ कशी हाय, रिकामी."

"मावशी, पन्नास ग्रॅम वाढलीय," मी दारातून म्हटलं.

"असंल," मावशी म्हणाल्या. "तुमचा काटा म्हनत असंल तं वाढली असंल." आणि नातीची मांडी दोन बोटांत धरून तशाच बघत राहिल्या.

रडायचीही ती कमी. शेजारणी येत, टोपडं-झबलं देत, म्हणत, काय गुणी हो, आवाज म्हणून नाही! मी फुशारकीने सांगायचो, आहेच तशी. भुकेलेलं लेकरू रडायलाही दमतं, हे मला कोण सांगणार? ज्यांना माहीत होतं त्यांना मी गप्प केलं होतं.

आठवा दिवस आला तेव्हा पाऊस असा लागला होता, की बाजारातले लोक सावित्रीचं पाणी बघून माल वरच्या फळ्यांवर चढवत होते. आमच्या गावाला हे नवं नाही. पुराने एकदा आमचं आख्खं दुकान धुऊन नेलंय. तेव्हापासून कुठलं धान्य किती ओल धरतं, हे मी नुसत्या वासावरून सांगतो, असंही मी लोकांना सांगत असे. तर लेक तयार होऊन बसली होती, बाळाला टोपडं घालून. म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी आज बोलावलंय."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. "एवढ्या पावसात? भिजली तर? आणि कशाला? वजन वाढलंय की नाही एवढंच त्या बघणार. ऐंशी ग्रॅम वाढलंय. लिहिलेलं आहे." पुठ्ठ्याकडे बोट केलं. "पाऊस उघडला की जाऊ."

तिने पुठ्ठ्याकडे बघितलं, मांडीवरच्या मुलीकडे बघितलं. मग टोपड्याचे बंद सोडले.

आणि त्याच दिवशी दुपारी, ऐका, त्याच दिवशी खाली दुकानात तांदळाचा टेम्पो आला. ताडपत्री फाटलेली, पोती दमटलेली. ड्रायव्हर म्हणाला, "शेट, बारदान नेहमीचंच धरा." मी असा भडकलो! म्हटलं, "नेहमीचं? अरे, गोणपाट पाणी पितं! पोत्यामागे पावशेर जास्त बारदान आहे आज. पावसाळ्यात ठरलेलं बारदान धरणारा दुकानदार मूर्ख!" माझ्या तोंडचे शब्द आहेत हे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच. वरच्या मजल्यावर माझी नात आणि माझं सूप, आणि मी खाली टेम्पोवाल्याला अक्कल शिकवतोय.

दुसऱ्या दिवशी लख्ख उघडलं. श्रावणात पडतं तसं पिवळं ऊन, आणि सगळं महाड आपापली अंथरुणं घेऊन गच्चीवर. ओली पोती उन्हात काढायच्या घाईत त्या सकाळी वजन राहून गेलं. त्याच्या पुढच्या सकाळी मी नेहमीसारखं सूप काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, वजाबाकी केली. परत केली. दोन हजार सत्तर.

दोन दिवसांपूर्वी एकशे नव्वद होतं. एकशे वीस ग्रॅम गेले! नात सुपात शांत पडली होती, एक मूठ गालाशी. मी तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. बायको म्हणाली, "काटा बिघडला असेल हो." मी धावत खाली गेलो, लोखंडी किलोचं वजन आणलं, काट्यावर ठेवलं. एक हजार, ना कमी ना जास्त. काटा ठणठणीत होता.

लेक भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

तेवढ्यात मावशी बादली उचलता उचलता म्हणाल्या, "शेट, ता सूप न् गोधडी म्या काल दिसभर गच्चीवर उन्हात टाकली व्हती. पार भिजाट झाली व्हती ना. आता कशी हलकी झाली बगा."

बास. एवढंच. मी नातीला उचलून बायकोच्या हातात दिलं आणि नुसतं सूप गोधडीसकट काट्यावर ठेवलं. सातशे. उन्हात दिवसभर वाळूनही अजून दहा ग्रॅम ओल राहिली होती. मग आधीच्या दिवशी किती असेल? मला हिशेब करायची गरज नव्हती, तरी झालाच. रोजचे ते पाच-दहा ग्रॅम, त्या दोन सुपाऱ्या, जे मी ओरडून सांगत होतो, ते सुपाचे होते. सूप वाढत होतं. गोधडी वाढत होती. शेणामेथीचं सारवण पाणी पीत होतं. आणि नात? दोन हजार साठ. दवाखान्यातून आणली त्याहून पन्नास ग्रॅम कमी, दहा दिवसांनी.

"रिक्षा बोलवा," लेक म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. तो तिच्या आईचा आवाज होता, त्या जिन्यावरचा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं, तोंडात बोट घालून तिचं चोखणं बघितलं आणि लेकीला विचारलं, "तुला काय वाटतं?" दहा दिवसांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिने सगळं सांगितलं. दोन घोट, दमणं, हलकी लागणं, रडत नाही ते. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सगळं बरोबर ओळखलंस. मग आठव्या दिवशी का नाही आणलीस?"

लेकीने बाळाचं टोपडं सारखं केलं. मी म्हटलं, "माझ्यामुळे. मी काट्यावर तोलत होतो, आणि काट्याने..." सूप, बारदान, सारवण, काय काय सांगणार? मी नुसतं म्हटलं, "चुकलो." चाळीस वर्षांत गल्ल्यावर बसून हा शब्द मी कुणाला ऐकवला नव्हता. कसा असतो तोंडात, ते त्या दिवशी कळलं.

बाईंनी मला ओरडावं असं वाटत होतं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आणलीत ना आता? चांगली होईल. ओढायची ताकद येईपर्यंत आईचं दूध काढून वाटी-चमच्याने द्यायचं, दर दोन तासांनी. आणि बाळाला उघड्या अंगाने छातीशी धरायचं. ऊब मिळाली की ही मुलं वाढीला लागतात. आई थकली की दुसऱ्या कुणी धरायचं. आजोबा, तुम्हीसुद्धा."

लेक बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसली होती तेव्हा म्हणाली, "बाबा, एक सांगू? रोज सकाळी तुम्ही आकडा वाचायचात ना, तेव्हा मला वाटायचं, मीच वेडी झालेय. माझेच हात खोटं सांगतायत." यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी उलट रागावलो असतो आणि निभावून नेलं असतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

तिथे आम्ही चार दिवस होतो. दुकानाला कुलूप. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीला झोप लागली आणि नर्स मला म्हणाली, "आजोबा, शर्ट काढा." मी इकडेतिकडे बघितलं. साठ वर्षांचा बाप्या, परक्या बायांसमोर उघडा! पण काढला. तिने नातीला माझ्या छातीवर उभी ठेवली, बेडकीसारखे पाय दुमडून, आणि वरून आम्हा दोघांना मिळून एक पंचा बांधला.

देवा! काय सांगू तुम्हाला. तिची सबंध पाठ माझ्या एका तळव्याखाली मावत होती. तिचं काळीज माझ्या बरगडीवर टिकटिक वाजत होतं, माझं एकदा वाजेपर्यंत तिचं दोनदा. केसांना दुधाचा आंबूस वास. थोड्या वेळाने तिने डोकं हलवलं आणि तोंड उघडून माझ्या छातीवर शोधाशोध सुरू केली. मी म्हटलं, "अगं बये, चुकीच्या दुकानात आलीस, इथे काही मिळायचं नाही." तिला पटलं नाही. तशीच शोधत राहिली, मग दमून गाल टेकवला, आणि झोपेत हसली. आमच्याकडे म्हणतात, लेकरू झोपेत हसलं की सटवाई हसवते. मी एरवी असल्या गोष्टींवर वाद घालणारा माणूस. त्या दुपारी म्हटलं, हसव बाई, हवं तेवढं हसव. माझ्या डोळ्यांतून पाणी गळून तिच्या टाळूवर पडेल म्हणून मी मान वर करून छताकडे बघत बसलो. माझी लेक अशी एवढीशी असताना पोलादपूरच्या डोंगरात होती आणि मी इथे पोती मोजत होतो. बत्तीस वर्षांची उधारी ती, आता कुठली फिटणार?

किती वजन असेल त्या वेळी छातीवर, मला सांगता आलं नाही. खरंच नाही आलं. दोन किलोचं पुडकं मी डोळे मिटून ओळखतो, पण हिचं वजन म्हणावं तर काहीच नव्हतं, आणि म्हणावं तर श्वास घ्यायला जागा उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती रडली. चांगली टाहो फोडून, पूर्ण वॉर्ड जागा होईल अशी. पलीकडच्या खाटेवरची बाई त्रासून बघायला लागली आणि आमची ही, माझी बायको, हात जोडून म्हणाली, "रड गं माझे बाय, रड!" मावशी भेटायला आल्या होत्या, त्यांनी मांडी दोन बोटांत धरली आणि नुसती मान हलवली. घरी आल्यावरही वाटी-चमचा चालू, छातीशी धरणं चालू. जावई वीर स्टेशनवर उतरून रिक्षाने आला, त्यालाही पहिल्याच तासात शर्ट काढायला लावला. पुठ्ठा मी फाडून बंबात घातला. काटा खाली दुकानात नेला. सूप मात्र बायकोने टाकू दिलं नाही, म्हणाली, त्या बिचाऱ्याने काय केलंय?

आठ दिवसांनी परत दाखवायला गेलो. पाऊस होता. छत्री मी धरली, अर्धा भिजलो. दवाखान्यात नर्सने काटा पुसला, शून्य केला आणि नातीला घ्यायला हात पुढे केले. मी म्हटलं, "थांबा जरा." आणि लेकीकडे वळलो. "तुझ्या हाताला काय लागतं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही भलतंच विचारलंय. मग नातीला दोन्ही हातांवर घेतलं, जराशी वर-खाली केली. डोळे मिटले. माझ्या बापाकडे जुने शेतकरी असेच हळकुंडाची मूठ हातात घेऊन डोळे मिटायचे.

"दोनशे," ती म्हणाली. "दोनशेने भरलीय."

नर्सने झबलं काढलं, नातीला काट्यावर ठेवलं आणि पुढे वाकून आकडा वाचला. "दोन किलो दोनशे साठ." म्हणजे जन्मली तेव्हा होतं तेवढं. आणि दाखल केली तेव्हाच्या दोन हजार साठवर, बरोब्बर दोनशे.

हे मी वजाबाकी करून सांगतोय, नंतर. त्या क्षणी लेक काट्याकडे बघत नव्हती. तिने आकडा ऐकलाही नसावा. ती झबल्याचे बंद सोडवत होती, बाळाला पुन्हा घालायला, आणि मी छत्री हातात धरून तिच्याकडे बघत होतो.